जयवंताचा चढ

जयवंताच्या घरी येणारी कुठलीही गोष्ट आधी हर्षलाच्या दारात उतरे. मग ती गॅसची टाकी असो, तांदळाचं पोतं असो, नाहीतर माहेरचं माणूस असो.

पोशीरकडून नेरळला जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला हर्षलाचं घर होतं. हर्षला म्हणजे जयवंताची धाकटी जाऊ. तिचं घर सपाटीवर, पुढे ऐसपैस अंगण, रुंद ओटा, बाजूला पेंढ्याची उडवी. बरोबर समोर, रस्त्याच्या वरच्या अंगाला, टेपाडावर जयवंताचं घर. आणि रस्त्यापासून जयवंताच्या उंबऱ्यापर्यंत सिमेंटचा तो चढ. चढ कसला, एखादी भिंतच जराशी मागे रेलून बसावी तसा.

टाकीवाला खालूनच हॉर्न देई आणि मान वर करून ओरडे, "मावशी, हितंच ठेवतो हर्षलावयनीकडं. गाडी वर जात नाय नि माझा जीव पण जात नाय." भाजीचा टेंपो हर्षलाच्या फाटकात थांबे. जयवंता पिशवी घेऊन उतरेपर्यंत कोवळी भेंडी हर्षलाच्या सुपात गेलेली असे. नवरा मालोजी आपली मोटारसायकल दिराच्याच अंगणात लावी. मुलगा ऋतिक कुंभिवलीच्या कारखान्यातून गाडी घेऊन आला, की रस्त्यावर लांबून धाव घेऊन पहिल्या गिअरात वर चढे. थांबला की चाकाला दगड लावायचा आणि मगच दार उघडायचं. एकदा जयवंताच्या पिशवीतून लिंबं सुटली ती टणाटण उड्या मारीत, रस्ता ओलांडून थेट हर्षलाच्या तुळशीपाशी जाऊन थांबली. हर्षलाने ती धुऊन, ताटलीत घालून वर पाठवली. जयवंताला वाटलं, आता लिंबांनाही तिचंच घर आवडतं.

दीर साईनाथ थट्टेखोर. तो म्हणे, "वयनी, कर्जतला घाट चढायला आगीनगाडीला मागून इंजिन लावतात ना, तसं एक तुमच्या फाटकात उभं करून ठेवा. घाटातल्या ठाकुरवाडीपर्यंत जायचं नाय, तुमच्या ओटीपर्यंत ढकललं तरी बास." सगळे हसत. हर्षला मात्र हसायची नाही, "काय पण बोलता" म्हणून नवऱ्याला दटावायची. तेच जयवंताला जास्त लागे. हर्षला भांडकुदळ असती तर जयवंताचं निम्मं दुखणं गेलं असतं. पण ती पडली मऊ. मऊ माणसाचा हेवा करायचा म्हणजे आपलंच आपल्याला टोचत राहतं.

खरं सांगायचं तर चढ जयवंतानेच मागून घेतला होता. भावाभावांत जागेची वाटणी झाली तेव्हा मालोजी म्हणाला, "आपण मोठे, पहिला हात आपला. खालची सपाट घेऊ." जयवंता म्हणाली, "नको, वरची घ्या." तिच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं होतं. आपण वर दारात बसलो आहोत, खाली भाताची खाचरं, पलीकडे माथेरानचा डोंगर, आणि हर्षला अंगण झाडता झाडता मान वर करून आपल्याकडे बघते आहे. घर उभं राहिलं. मग ठेकेदाराने सांगितलं, "वळण घेऊन रस्ता काढला तर चढ हलका होईल. फक्त आंब्याखालची ती चिंचोळी पट्टी लागेल." ती पट्टी वाटणीत साईनाथकडे गेलेली. हर्षला स्वतःहून येऊन म्हणाली, "घ्या की वयनी, ती आमच्या काय कामाची?" पण हर्षलाने दिलेल्या वळणावरून जन्मभर जा-ये करायची, हे जयवंताला कसं चालावं? ती ठेकेदाराला म्हणाली, "वळण नको. सरळ काप."

त्याने कापला.

आता जयवंता मनाने वाईट होती असं कुणी समजू नये. बाई भाविक. लहानपणापासून कीर्तनाचं वेड. मृदंगावर थाप पडली की हातातलं पीठ तसंच ठेवून देवळाकडे निघणार, पुढच्या खांबाला टेकून बसणार, आणि बुवांनी डोळे मिटले की हिच्या डोळ्यांतून धार लागणार. पण विठोबापुढे हात जोडल्यावर ती जे मागायची ते देवालाच ठाऊक. ती म्हणायची, "पांडुरंगा, हर्षलाचं बरं कर. माझ्यापेक्षा थोडं कमी कर, पण कर."

माघात गावात सप्ताह बसे. कीर्तनाला बाहेरगावचे बुवा येत. ते दुपारी यायचे, कुणाच्यातरी घरी उतरायचे. दारात पाय धुवायचे, पूजा, जेवण, थोडी विश्रांती आणि संध्याकाळी देवळात कीर्तन. ज्याच्या घरी बुवा उतरले त्याचं घर त्या दिवशी देवळासारखंच. जुन्या घरात होते तेव्हा शेवटच्या कीर्तनाचे बुवा न चुकता जयवंताकडे उतरत. टेपाडावर आल्यापासून ते हर्षलाकडे उतरू लागले. कुणी मुद्दाम केलं नाही. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणे, "बरोबर म्हातारे टाळकरी असतात, त्यांना कुठं वर चढवायचं?" आणि विषय संपे. बुवांचे पाय धुवायला हर्षला वाकली, की जयवंता गर्दीत मागे उभी राहून बघे. हर्षलाचं चुकतं कुठे, हे शोधत राही. पाणी कोमट आहे का, टॉवेल नवा आहे का. चुकत काहीच नसे.

यंदा शेवटच्या कीर्तनाला रोहिदासबुवा येणार होते. त्यांचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपली आई हाक मारते आहे असं वाटावं. सप्ताहाची बोलणी चालली होती. देवळात सगळे पुरुष, बायका कडेला. पंचांतले हिरूभाऊ म्हणाले, "रोहिदासबुवा नेहमीसारखे साईनाथकडं."

जयवंता उठून उभी राहिली. "या वक्ताला बुवा आमच्याकडं येतील."

"अगं वयनी, त्यांचे गुडघे..."

"गुडघ्यांचं काम काय भाऊ? गाडी पार माझ्या पायरीला लागते. माझा ऋतिक रोज नेतो. बुवांनी गाडीतून पाय काढायचा तो थेट माझ्या परातीत."

कडेला बसलेली हर्षला म्हणाली, "खरंच, या वक्ताला वयनींकडं द्या. वर किती छान वाटंल बुवांना."

मान मिळाला. पण तो हर्षलाच्या शिफारशीने मिळाल्यासारखा झाला. जयवंता घरी येताना मालोजीला म्हणाली, "तिला मधी बोलायला कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्याच बाजूनं बोलली ती."

"त्येच म्हणते मी."

मालोजीने पुढे विचारलं नाही. या बाबतीत तो शहाणा होता.

तो दिवस आला. जयवंता पहाटेपासून स्वयंपाकाला लागली. वालाचं बिरडं, अळूवडी, खीर, पुरणपोळ्या. चुलीवरच्या तव्यावरून शेवटची पोळी उतरवून ती हात पुसत दारात आली, खाली बघितलं, आणि तिथेच तिचं डोकं फिरलं.

हर्षलाने सगळं अंगण शेणाने सारवलं होतं. फाटकापासून ओट्यापर्यंत रांगोळीची वाट, दोन्हीकडे झेंडूच्या पाकळ्या.

जयवंताने वरूनच विचारलं, "हर्षला, ही कोणासाठी गं?"

"बुवांसाठी, वयनी. तुमच्याकडं चढताना आमच्या दारावरनंच जातील ना? तेवढंच दर्शन."

तेवढंच दर्शन. आणि आपला चढ? राखाडी, उघडा, टायरांच्या काळ्या पट्ट्यांनी भरलेला. बुवांची नजर आधी पडणार ती त्या रांगोळीवर, आणि मग या सिमेंटवर. जयवंताने पदर खोचला. शेजारच्या पारूच्या गोठ्यातून दोन बादल्या ताजं शेण आणवलं. सिमेंटवर पातळ सडा टिकत नाही म्हणून चांगलं दाट कालवलं, आणि खालून वर अख्खा चढ हाताने सारवून काढला. असा हिरवागार, गुळगुळीत, की बघत राहावं. त्यावर रांगोळी. खाली टाळ, मध्ये मोठी वीणा, वर पायरीपाशी कमळ. कडेने पाकळ्या, त्याही हर्षलाच्या दुप्पट.

मालोजी देवळाकडून आला तो खालीच थांबला. हातातली पिशवी खाली ठेवून तो बराच वेळ चढाकडे बघत राहिला.

"जयवंता, हे ओलं हाय का?"

"वाळंल की. पाय नका देऊ."

"मग मी वर येऊ कुठनं?"

"तुमी नका येऊ. बुवांना घेऊन या."

"अगं, गाडीचं चाक..."

"तुमाला माझं कायच बघवत नाय," जयवंता म्हणाली. मालोजीने पिशवी उचलली आणि भावाच्या ओट्यावर जाऊन बसला.

माघातलं ऊन ते, आंब्याच्या सावलीत शेण वाळतं कुठे? जयवंता मात्र वर पायरीवर तयार होती. अंगावर नऊवारी, पायांशी परात, हातात तांब्या, ताटात हळदकुंकू आणि बुक्का. आणि आता तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही खाली उतरता येणार नाही. उतरलो तर वीणा मोडेल. तर असू दे. आज उतरायचंच नाही. आज बाकीच्यांनी वर यायचं.

बुवांची पांढरी गाडी आली. रस्त्यावर मंडळी, टाळ, "पुंडलिक वरदे". हर्षलाने फाटकातूनच हात जोडले. चढ बघून चालक जरा बिचकला. मग मागे जाऊन त्याने धाव घेतली आणि गाडी रांगोळीच्या टाळांवरून वीणेपर्यंत आली झोकात. जयवंता वाकली, परात सरळ केली.

वीणेवर चाक फिरलं. फिरलं ते नुसतंच फिरत राहिलं. शेणाचा फवारा मागे उडाला, हिरूभाऊंचं धोतर हिरवं झालं. गाडी क्षणभर तिथेच घरघरली, आणि मग एखादी म्हैस तळ्यात बसावी तशी संथपणे मागे निघाली. ब्रेक दाबलेला, चाकं थांबलेली, तरी गाडी खालीच. माणसं दोन्ही बाजूंना पांगली. गाडी टाळांवरून गेली, रस्ता ओलांडला, हर्षलाच्या उघड्या फाटकातून आत शिरली, रांगोळीची वाट मधोमध पुसली, आणि पेंढ्याच्या उडवीत मागच्या अंगाने रुतून थांबली.

उडवीतून चार भारे गाडीच्या टपावर पडले.

दार उघडलं. रोहिदासबुवा उतरले. धडधाकट होते, फेट्यात पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हेच ना घर?"

हसू दाबताना साईनाथला ठसका लागला. मालोजी धावला, खुर्ची आली. आणि हर्षला आतून तांब्याची घागर घेऊन आली. तिने पाट मांडला. बुवांनी सवयीने पाय पुढे केले. ती सवयीने वाकली.

जयवंता वरून हे बघत होती. तिचे बुवा, तिचं जेवण, तिची परात, आणि पाय हर्षलाच्या हातात. सगळ्या गावादेखत तिच्या तोंडून निघालं, "हर्षला, पाय धुवू नको गं."

माना वर झाल्या. बुवांचीही झाली. आवाज असा निघाला होता, की तो घाबरलेल्या बाईचा नव्हता हे लहान पोरालाही कळावं. जयवंताला वाटलं, टेपाड फाटावं आणि आपल्याला आत घ्यावं. पण टेपाड कशाला फाटतंय? ते आपलं होतं तिथेच, उंच. आज ज्याला त्याला ती अगदी स्वच्छ दिसत होती.

ती उतरायला निघाली. पहिल्याच पावलाला पाय सटकला. मग तिने तांब्या काखेत मारला, नऊवारी आवळली आणि शेणावर फतकल मारून बसली. बसत बसतच निघाली. कमळ गेलं, वीणा गेली, टाळ गेले. कुणी पुढे झालं नाही, कारण पुढे झाला असता तो आधी पडला असता. रस्ता ओलांडून ती फाटकात आली तेव्हा पाठीमागून बाई सारवलेल्या भिंतीसारखी दिसत होती.

हर्षला अजून तशीच वाकलेली. घागर हातात, पाणी घागरीतच.

"नाय धुतले वयनी," ती हळूच म्हणाली. "तुमी हाक मारली तवाच थांबले."

जयवंताने काखेतला तांब्या परत हातात घेतला. आता तिचा रागही हिनेच काढून घेतला.

रोहिदासबुवांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आयुष्यभर गावोगावची घरं बघितलेला माणूस तो. म्हणाले, "माउली, देवानं पाय दोन दिलेत ते उगाच नाय. भांडण कशाला? एकेक घ्या."

आणि जयवंता, शेणाने माखलेली, सगळ्या गावासमोर उघडी पडलेली, तरीही झटकन बोलून गेली, "उजवा माझा."

मग मात्र सगळं अंगण हसलं. बुवा हसले, हिरूभाऊ हसले, मालोजीने तोंड फिरवून हसून घेतलं. जयवंताही हसली, पण उजवा पाय काही सोडला नाही. तिने तो धुतला, पुसला, त्यावर बुक्का लावला. डावा हर्षलाने धुतला. जयवंता तिरक्या नजरेने बघत होती. तिच्या मते उजवा अधिक स्वच्छ निघाला.

राहिलं जेवण. साईनाथ म्हणाला, "पातेली खाली आणू, हितंच पंगत बसवू." जयवंताचा चेहरा उतरला. बुवांनी तो पाहिला असावा. ते म्हणाले, "शब्द वरच्या घरचा दिलाय. वाट तेवढी करा, मी चालत येतो."

वाट हर्षलाने केली. तिने चुलीतली राख आणली, गिरणीवरून आणलेलं भाताचं तूस आणलं, आणि सूप हातात घेऊन चढावर टाकत टाकत निघाली. जयवंता खराटा घेऊन तिच्या मागे. एक टाकत होती, एक पसरत होती. निम्म्यावर हर्षलाला धाप लागली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कशा चढता तुमी रोज, वयनी?"

"सवय," जयवंता म्हणाली. तिला अजिबात धाप लागली नव्हती. सुपातलं तूस तिने आपल्याकडे घेतलं आणि राहिलेला चढ एकटीने पुरा केला.

बुवा मालोजीच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत वर आले, तोवर जयवंता अंग धुऊन घरातलं लुगडं नेसली. जेवण झालं. बुवांनी बिरडं दोनदा मागून घेतलं आणि आतल्या खोलीत आडवे झाले. मंडळी पांगली. जयवंताने हर्षलालाही जेवायला बसवलं होतं. बसवणं भागच होतं. आणि वाढता वाढता तिच्या ध्यानात आलं, की वास्तुशांतीनंतर हर्षला या घरात आजच पाऊल टाकत होती. चढ होता म्हणून नव्हे. तिला बोलावलंच नव्हतं.

जेवून हर्षला पुढच्या ओटीवर आली आणि खांबाला टेकली. खालून खाचरांवरून वारा येत होता. खाली तिचं घर दिसत होतं. पुसलेलं अंगण, मोडलेली उडवी, आणि फाटकात आत्ताच येऊन थांबलेला भाजीचा टेंपो. तो हॉर्न देत होता.

हर्षला उठली नाही. म्हणाली, "वाजवू दे मेल्याला."

"अगं, तुला बोलावतोय."

"रोजच बोलावतो. टाकीवाला येतो, पाणी दे. पोस्टमन येतो, बस म्हण. तुमच्या माहेरची येसूबाई आली का तिचे गुडघे दाबा. गावात कोणाला ऊन लागलं का माझा ओटा. माझं जेवण कधी गरम गेलंय आठवत नाय मला." तिने डोळे मिटले. "तुमाला बरं हाय वयनी. तुमच्या दारात कोण येत नाय."

जयवंता दारात उभी राहिली. हर्षलाला तिचा हेवा वाटत होता. तिचा, जयवंताचा, या चढावरच्या घराचा. हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. अंगभर गोड मुंग्या आल्यासारखं झालं. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं, पण जरा उशिरा.

"अजून एक पोळी खातेस?" तिने विचारलं.

हर्षलाला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, कोपरावर राख तशीच.

बुवा उठले, चहा घेतला, मालोजीबरोबर सावकाश उतरून देवळाकडे गेले. ऊन कललं. खालून मृदंग लावल्याचा आवाज आला. हर्षला निजलेलीच.

जयवंता तिच्याकडे बघत उभी राहिली. नाही उठवलं, तर पुढच्या खांबापाशी आपण एकट्याच असू. कीर्तन संपल्यावर बुवा विचारतील, धाकट्या बाई दिसल्या नाहीत? आपण म्हणू, निजल्यात. नुसतं खरं तेच सांगायचं. तिने चपला घातल्या, तुसावरून थोडं खाली गेली. मृदंगावर परत थाप पडली. ती थांबली. त्या थापेवर आपण पीठ टाकून धावतो, आणि हिला निजू देतोय.

ती परत वर आली. आधी ठेवणीतलं लुगडं नेसली, वेणी घातली, कुंकू नीट केलं, गजरा माळला. मग ओटीवर येऊन म्हणाली, "हर्षला, ऊठ गं. बुवा उभे राहिले."

हर्षला धडपडून उठली. केस विस्कटलेले, गालावर खांबाचा वळ. "अगं बाई. माझ्या अंगावर हेच लुगडं हाय वयनी."

"चालतंय. देव बघतो काय लुगडं?" जयवंताने गजरा सारखा केला.

चढाच्या तोंडाशी हर्षला अडली. चढताना आली होती ती, उतरताना तिला पाऊल टाकवेना. "हात द्या वयनी. मला नाय जमायचं."

जयवंताने हात दिला. "आडवी चाल. टाच आधी टेक. खाली बघू नको, माझ्याकडं बघ."

हर्षला तिच्याकडे बघत, एकेक पाऊल टाकत उतरू लागली. खाली कीर्तन सुरू झालं होतं. जयवंताला घाई होती, पण ती सावकाशच चालली. अर्ध्या चढावर थांबून तिने डोक्यातला गजरा ओढून काढला, दातांनी दोरा तोडला, आणि लहान तुकडा हर्षलाच्या केसांत खोचला.